राजवंशाचे ताम्रपट आणि श्रावकांच्या वह्या

सिन्नर नगरीचे नाव घेताच गोंदेश्वराचे भूमिज शैलीतील शिखर आणि त्याभोवतीची चार उपमंदिरे डोळ्यांपुढे उभी राहतात. सेउणदेशाच्या यादवांची ही जुनी राजधानी होय. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीला राजधानी वसविली. त्यापूर्वीचा या घराण्याचा दीर्घ काळ याच परिसरात गेला. तथापि या राजघराण्याची वंशावळ सिन्नरमध्ये कोणीही सांभाळून ठेवलेली नव्हती. राजवाडा गेला, त्याबरोबर दप्तरही गेले. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी ही वंशावळ पुन्हा उभी केली, आणि तिचे धागे त्यांना बाहेरगावी मिळाले.

दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२ (इ. स. १०००) चा ताम्रपट संगमनेरचा. तिसऱ्या भिल्लमाचा शके ९४८ चा ताम्रपट कळस बुद्रुकचा. सिन्नरचे जुने नाव मानले गेलेले 'सिंदिनगर' त्यात येते. दुसऱ्या सेउणचंद्राचा शके ९९१ (इ. स. १०६९) चा ताम्रपट तर थेट वसईचा. या लेखांच्या जोडीला हेमाद्री पंडिताच्या 'चतुर्वर्गचिंतामणी' ग्रंथातील व्रतखंडाच्या प्रारंभी असलेली राजप्रशस्ती ठेवून पंडित भगवानलाल इंद्रजी, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी विद्वानांनी पिढी पिढीशी जुळविली. या साधनांत राजांचा क्रम व संख्या सर्वत्र एकसारखी नाही. एका लेखात आलेले नाव दुसऱ्यात आढळत नाही. हे भेद ध्यानात आले ते निरनिराळ्या ठिकाणचे लेख छापले गेले आणि ग्रंथालयांत एकत्र वाचता आले म्हणूनच.

श्रद्धा आणि नोंद यांचा सांधा

हेमाद्रीची राजप्रशस्ती बारकाईने पाहिली असता तिचे दोन भाग दिसतात. आरंभीचा भाग चंद्रवंश, यदू अशा पुराणप्रसिद्ध नावांचा आहे. पुढे दृढप्रहारापासून ऐतिहासिक राजे सुरू होतात. जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्प' या चौदाव्या शतकातील ग्रंथात नासिक्यपुरावर एक कल्प आहे. त्यात दृढप्रहाराची जन्मकथा नाशिकच्या चंद्रप्रभ तीर्थाशी जोडलेली आढळते. ही कथा घडली तशीच लिहिली गेली असे मानता येत नाही. तरी चौदाव्या शतकातील जैन समाज या राजवंशाकडे कोणत्या भावनेने पाहत होता, हे मात्र ती निश्चित सांगते.

याउलट नाशिक–त्र्यंबक मार्गावरील अंजनेरीचा शके १०६३ चा शिलालेख पाहावा. यादव सेउणदेवाच्या काळात तेथील चंद्रप्रभ जिनमंदिराला काही दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याचे त्यात नमूद आहे. या लेखात चमत्कार नाही. आहेत ती दुकाने. त्या एका उल्लेखावरून गावात वाहती बाजारपेठ होती, व्यापार मंदिराशी जोडलेला होता आणि राजसत्तेला हा संबंध मान्य होता, इतके सारे कळते. कथा श्रद्धा सांगते, लेख व्यवहार सांगतो. दोहोंचा सांधा कोठे आहे हे शोधणे, हेच वंशेतिहासाचे खरे काम होय.

भाटांची वही आणि दुकानाची वही

जी गोष्ट राजवंशाची, तीच सामान्य श्रावक कुटुंबांची. मारवाड व गुजरात येथून अनेक जैन घराणी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत दक्षिणेत आली. विक्रम संवत १९५६ (इ. स. १८९९–१९००) च्या 'छप्पन्नच्या' दुष्काळानेही कित्येकांना घर सोडावे लागले. या कुटुंबांची मूळ गावाशी असलेली गाठ राखली ती भाट व वहीवंचा यांनी. यजमानाच्या घरी येऊन ते नवजात पुत्रांची नावे वहीत घालीत, जुनी नावे मोठ्याने वाचून दाखवीत आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांनी यात्रेकरू घराण्यांच्या नामावळ्या ज्या निष्ठेने राखल्या, त्याच जातीची ही परंपरा आहे.

भाटांच्या वहीचेही राजप्रशस्तीप्रमाणेच दोन भाग असतात. मूळपुरुष, गोत्राची उत्पत्ती, ओसियाँ नगरीची कथा हा वरचा भाग श्रद्धेचा. खालच्या पाच-सात पिढ्यांचा भाग प्रत्यक्ष भेटींत टिपलेला, म्हणून अधिक भरवशाचा. या वहीत एक मोठी उणीवही असते. पुत्रांची नावे येतात. लेकी सासरी जातात आणि वहीतूनही जातात.

ती उणीव काही अंशी भरून निघते ती प्रतिमालेखांनी. जिनमंदिरांतील धातुप्रतिमांच्या पाठीवर संवत, तिथी, ज्ञाती, श्रावकाचे नाव, त्याची भार्या, पुत्र, कोणाच्या श्रेयासाठी प्रतिमा भरविली ते आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव असा मजकूर अनेकदा कोरलेला असतो. वंशावळीत न सापडणारी स्त्री येथे नावानिशी भेटते. हस्तलिखितांच्या शेवटच्या प्रशस्तींतही असेच घडते. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी प्रतिमालेख, ग्रंथप्रशस्ती व पट्टावळी एकत्र करून 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ सिद्ध केला व तो १९५८ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला. विखुरलेल्या ओळींतून केवढा इतिहास उभा राहतो, याचा तो उत्तम नमुना आहे.

तिसरे साधन दुकानाच्या वह्यांचे. रोजमेळ, खतावणी आणि उधारीच्या वह्या यांत भाव, तोल, माल, गावे व माणसे यांची नोंद असते. याबाबत सत्य झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या वह्या कर्जाचाही पुरावा होत्या. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत जे दंगे झाले, त्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. सुपे येथून सुरू झालेल्या त्या उठावानंतर १८७९ मध्ये दक्षिणी शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या कागदांनी एका घराची भरभराट नोंदली, त्यांनीच दुसऱ्या घराची अडचणही नोंदली आहे. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही बाजू हव्यात, आणि त्या अनेकदा एकाच पानावर सापडतात.

वाचणारे हात

कागद टिकला तरी तो वाचता आला पाहिजे. मराठी दप्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी मोडीत लिहिले जात असे. मारवाडी पेढ्यांची महाजनी लिपी तर काना-मात्रा गाळूनच लिहिली जाई. 'काकाजी अजमेर गये' हे 'काकाजी आज मर गये' असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट मारवाडी घरांतून हसत हसत सांगितली जाते. आज ती लिपी वाचणारे थोडेच उरले आहेत. मोडी जाणणाऱ्यांचे मोल महाराष्ट्राला २०२३ मध्ये नव्याने कळले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या व शाळांची दप्तरे उघडली गेली, तेव्हा ती वाचणाऱ्यांचा ठिकठिकाणी शोध घ्यावा लागला.

कालगणनेचे भानही तितकेच आवश्यक आहे. शकात ७८ मिळविले, विक्रम संवतातून ५७ वजा केले, फसलीत ५९० मिळविले की इसवी सन स्थूलमानाने हाती येतो. वीर निर्वाण संवतातून ५२७ वजा करावे लागतात. त्यातही गुजराती विक्रम वर्ष कार्तिकात, तर मारवाडी वर्ष चैत्रात बदलते. त्यामुळे एकाच दिवशी दोन वह्यांत दोन निरनिराळे संवत असू शकतात. हा भेद लक्षात न घेतल्यास मुलाचा जन्म बापाच्या विवाहाआधी पडण्याचा विनोद घडतो.

वाचनालयाचे स्थान

ही सर्व साधने एकमेकांशेजारी ठेवण्याची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, तर धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चे. नाशिक जिल्ह्याचे १८८३ चे गॅझेटिअर, राजघराण्यांच्या छापील वंशावळी, निरनिराळ्या घराण्यांचे कुलवृत्तांत आणि पुराभिलेखांचे खंड अशा ठिकाणी अभ्यासता येतात. घरातील वहीची पारख या छापील साधनांशी ताडून पाहिल्याखेरीज होत नाही. आणि छापील साधनांतील पोकळी घरातील वहीखेरीज भरत नाही.

ज्ञानभांडारांची परंपरा असलेल्या जैन समाजाला हे नव्याने सांगावयास नको. विदर्भातील कारंजा येथील भांडारांत जपलेल्या पोथ्यांमुळे पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये डॉ. हिरालाल जैन व डॉ. प. ल. वैद्य यांच्या हाती आली आणि १९३० नंतरच्या दशकात छापून जगापुढे आली. पोथी राखणारे ती वाचीत होतेच असे नाही. पण त्यांनी ती राखली, आणि पुढे योग्य वेळी उघडू दिली.

आज मात्र वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, पेढ्यांचे व्यवहार संगणकावर गेले आहेत आणि माळ्यावरच्या वह्या रद्दीच्या तराजूत पडत आहेत. घरगुती व्यवहार उघड होईल या संकोचाने पुष्कळ कुटुंबे वह्या बाहेर काढीत नाहीत. तो संकोच समजण्याजोगा आहे, आणि त्यावर उपायही आहे. मूळ वही घरीच राहावी. वंशावळीची व जुन्या नोंदींची पाने छायांकित करून वाचनालयात द्यावीत. हयात व्यक्तींची नावे वगळावीत. कोणती वही, कोणत्या गावची, कोणत्या लिपीत, कोणत्या संवतातली, एवढी सूची तरी सर्वांसाठी खुली ठेवावी. मंदिरांनी विश्वस्तांच्या देखरेखीखाली प्रतिमालेख उतरवून घ्यावेत.

श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी, तर दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी पाळली जाते. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढावेत, धूळ झटकावी, कसर लागली असल्यास पाहावे आणि त्यांचे पूजन करावे, असा प्रघात आहे. त्याच पंक्तीत घराघरांतील जुन्या वह्यांनाही स्थान मिळाले, तर सिन्नरच्या श्रावकांचा वंशेतिहास शोधण्यासाठी उद्याच्या अभ्यासकाला, यादवांच्या बाबतीत घडले तसे, वसईपर्यंत जावे लागणार नाही.