शागीर्द झालेला नायक: 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'

ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फॅन्टसी'च्या पंधराव्या अंकात स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांचा स्पायडर-मॅन अवतरला. तोवर अमेरिकन चित्रकथेतील कुमारवयीन मुलाच्या वाट्याला बहुधा महानायकाच्या साथीदाराची भूमिका येई. १९४० मधील रॉबिन हा त्याचा परिचित नमुना. पीटर पार्कर मात्र कोणाचाच शागीर्द नव्हता. स्वतःच्या बेफिकिरीमुळे तो बेनकाकांना गमावतो आणि त्या अपराधभावातून शहाणा होतो. त्याचे प्रौढ होणे हे एक प्रायश्चित्त होते.

जॉन वॉट्स यांच्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) या चित्रपटात ही मूळ घटनाच नाही. २००२ व २०१२ च्या चित्रपटांनी ती सांगून झाली होती, हे खरे. पण अपराधभाव वगळल्यावर रिकाम्या जागी काय येते, हा प्रश्न उरतोच. येथे जॉन ह्यूज यांच्या शालेय विनोदपटांची परंपरा येते. 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' (१९८६) तर एका दृश्यात दूरचित्रवाणीवर चालूच असतो. परंतु ह्यूज यांच्या जगातील प्रौढ बहुधा गैरहजर किंवा हास्यास्पद असतात. वॉट्स यांच्या जगातील टोनी स्टार्क पोशाख देतो, काढून घेतो, पारख करतो. जो शागीर्द नव्हता, तो आता उमेदवार झाला आहे.

फेब्रुवारी १९६६ च्या अंकात डिटको यांनी रेखाटलेला, अवजड यंत्राखालून पीटर उठतो तो प्रसंग चित्रपटाने उचलला आहे. मुळात त्याला बळ येते ते मरणासन्न मेकाकूंच्या आणि गेलेल्या काकांच्या विचाराने. चित्रपटात त्याला आठवतात ते पोशाखावाचून तुझी किंमत काय, अशा अर्थाचे स्टार्कचे शब्द. कर्तव्याची जागा लायकीने घेतली. मला ही हानी वाटते.

तरीही या संकराने एक प्रसंग असा दिला, की जो एकट्या महानायकपटाला साधला नसता. समारंभाला नेण्यासाठी मैत्रिणीच्या दारी आलेला संकोची मुलगा, ही विनोदपटाची ठरीव चौकट. दार उघडणारा बाप खलनायक टूम्स निघतो. मोटारीतल्या गप्पांत त्याला मुलाची खरी ओळख हळूहळू पटते. तो मुलीचा जीव वाचवल्याबद्दल आभार मानतो आणि मग धमकी देतो. या टूम्सचे कंत्राट हिरावणाऱ्या व्यवस्थेत स्टार्कचीही भागीदारी होती, हे चित्रपट सांगतो, पण तेथे रेंगाळत नाही.

अखेर पीटर ॲव्हेंजर्समध्ये येण्याचे निमंत्रण नाकारतो. आणि लगेच विचारतो, ही परीक्षाच होती ना?