पुतळीवर कोण आहे?



कापसाचे पैसे हातात आले की आपल्या भागात लग्नाच्या बैठकी सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग सोनाराकडच्या फेऱ्या. दर वर्षी याच दिवसांत एक प्रश्न आमच्या कानावर येतो. घरात आजीच्या वेळची पुतळ्यांची माळ आहे. तरुण मुले म्हणतात, पुतळीवर राम-सीता आहेत, आपण बाप्तिस्मा घेतलेले लोक, हा डाग घरात कशाला? वितळवा आणि नव्या चालीचा नेकलेस करा. म्हाताऱ्या बायका गप्प बसतात, पण त्यांना ते पटलेले नसते. वाद वाढला की दोन्ही बाजूंनी पवित्र शास्त्र उघडले जाते. आम्हाला वाटले, शास्त्र उघडण्याआधी एकदा ती पुतळीच नीट उलटून पाहावी.

पुतळी म्हणजे मुळात दागिना नव्हे, नाणे. तेही आपल्याकडचे नव्हे. इटली देशात समुद्राच्या पाण्यात वसलेले व्हेनिस नावाचे शहर आहे. तेथे 1284 साली सोन्याचे एक नाणे पाडले गेले. त्याचे नाव डुकाट. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने साडेतीन माशांच्या थोडे वर. सोने जवळजवळ शुद्ध, शंभरात नव्याण्णवहून जास्त. व्हेनिसचे व्यापारी इजिप्तमधल्या आलेक्सांद्रियात मिरी आणि मसाले विकत घेत आणि सोने मोजून देत. तेच सोने तांबड्या समुद्रातून पुढे येऊन सुरत, चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांवर उतरे. मिरी, कापड, नीळ तिकडे जाई आणि डुकाट इकडे राही. त्यावर माणसांच्या लहान आकृत्या होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटले. मराठ्यांच्या काळातल्या कागदांत होन आणि मोहोर यांच्याबरोबर पुतळ्याही मोजलेल्या सापडतात.

आता त्या आकृत्यांकडे येऊ. एका बाजूला दोन माणसे आहेत. एक उभा आहे, त्याच्या डोक्यामागे तेजोवलय. दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला, आणि दोघांच्या मधोमध एक काठी, तिला निशाण. उभा आहे तो संत मार्क, शुभवर्तमान लिहिणारा. व्हेनिसचे लोक त्याला आपल्या शहराचा रक्षक मानत. त्याचे अवशेष नवव्या शतकात आलेक्सांद्रियातून आपल्या शहरात आणले अशी त्यांची परंपरा. गुडघे टेकलेला आहे तो व्हेनिसचा प्रमुख. सत्ता आपली नाही, वरून मिळालेली आहे, हे दाखवायला तो निशाण मार्काच्या हातून घेतो आहे. नाणे उलटा. दुसऱ्या बाजूला बदामासारखी लांबट चौकट, तिच्यात तारे, आणि ताऱ्यांमध्ये उभा असलेला प्रभू येशू ख्रिस्त. एका हातात शुभवर्तमान, दुसरा हात आशीर्वादासाठी वर केलेला. भोवती लॅटिन अक्षरांत एक लहानशी प्रार्थना आहे: ज्या राज्यावर तू राज्य करतोस ते तुलाच वाहिलेले असो, अशा अर्थाची.

म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी, त्यांच्या घरात ख्रिस्ताचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हा, गळ्यात माळ घातली ती या नाण्याची किंवा त्याच्या नकलेची.

नकल हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. खरे डुकाट पुरेनात, तेव्हा आपल्याकडच्या सोनारांनी ठसे कोरून तसेच दाणे पाडायला सुरुवात केली. त्यांना लॅटिन येत नव्हते. अक्षरांच्या जागी आधी अक्षरांसारख्या खुणा आल्या, मग नुसत्या उभ्या रेघा. मार्क आणि गुडघे टेकलेला माणूस यांच्यात कोणाला राम आणि सीता दिसले, कोणाला राम आणि लक्ष्मण. तमिळ मुलखात तर मधली काठी झाड वाटली आणि हा ताडावर चढणारा शाणार आहे असे समजून नाण्याला शाणार कासू नाव पडले. प्रत्येकाने आपल्याला ओळखीचे होते ते पाहिले. त्यात कोणाचे कपट नव्हते. पुढे ठसे नव्याने कोरले गेले तेव्हा काही सोनारांनी लोकांना हवे ते चित्र स्पष्टच काढले, त्यामुळे आज बाजारात मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या पुतळीवर लक्ष्मी किंवा राम-सीता असू शकतात. तरुण मुलांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण ते गोष्टीचे शेवटचे पान आहे.

परदेशी नाण्याला कडी लावून गळ्यात घालायची रीत तर याहून कितीतरी जुनी. रोमी साम्राज्याचे सोने दख्खनेत येत होते तेव्हापासूनची. प्लिनी नावाच्या रोमी लेखकाने ख्रिस्तानंतरच्या पहिल्या शतकातच तक्रार करून ठेवली आहे की हिंदुस्थानातल्या मालापायी रोमचे किती धन दर वर्षी बाहेर जाते. मराठवाड्यात तेर आणि तेलंगणात कोंडापूर येथे रोमी नाण्यांची मातीची नकल करून केलेली पदके उत्खननात सापडली. सोने परवडत नसेल त्याने भाजलेल्या मातीचे घातले. कर्नाटकातल्या अक्की आलूरला बायझंटाइन सम्राटांची सोन्याची नाणी मिळाली. दक्षिणेत सापडणाऱ्या अशा नाण्यांना पुष्कळदा सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोके पाडलेली असतात, दोऱ्यात ओवण्यासाठी. त्या काळच्या काही नाण्यांवर उंच क्रूस हातात धरलेली आकृतीही असते. पोर्तुगीज गोव्यात आल्यावर सोळाव्या शतकात तेथल्या टांकसाळीत संत थॉमसची आकृती असलेले सोन्याचे नाणे निघाले. पण मराठी बाईच्या गळ्यात टिकली ती पुतळीच.

ती का टिकली, याचे उत्तर आम्हाला चित्रापेक्षा मोलाचे वाटते. राज्ये बदलली की नाणी बदलतात. गरज पडली की राजा सोन्यात तांबे मिसळतो आणि तोंड वर करून तोच भाव सांगतो. व्हेनिसने तसे केले नाही. 1284 पासून 1797 साली नेपोलियनपुढे ते राज्य बुडाले तोपर्यंत, पाचशे वर्षांहून जास्त काळ, डुकाटचे वजन आणि कस जवळजवळ तोच राहिला. आपल्या सोनाराने कसोटीच्या दगडावर घासून पाहिले, आजाच्या वेळी जो कस लागला तोच नातवाच्या वेळी लागला. अक्षरे वाचता येत नव्हती, चित्र कोणाचे ते कळत नव्हते, पण दगडावरची रेघ कळत होती. सोने पाहावे कसून, माणूस पाहावे बसून, ही म्हण उगाच नाही.

आपल्या गुडीहत्नूरच्या बाजूला या गोष्टीचा अर्थ लोकांना फार जवळून माहीत होता. 1948 पर्यंत हा निजामाचा मुलूख. इकडे हाली सिक्का चाले. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळच्या बाजूला, इंग्रजांचा कळदार रुपया. बैल घ्यायला किंवा लेकीला भेटायला नदी ओलांडली की रुपया बदलून घ्यायचा आणि बट्टा भरायचा. आज इतका, उद्या तितका. पुतळीला बट्टा नव्हता. ती दोन्ही काठांवर वजनावर जाई. पुढे 1956 मध्ये किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आदिलाबाद आंध्रात राहिले, आणि 2014 पासून आपण तेलंगणात आहोत. कागदांवरची नावे बदलत राहिली, पेटीतल्या पुतळीचे वजन तेवढेच.

आणखी एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात सहसा येत नाही. पाटली किंवा गोठ मोडायचा तर पूर्ण मोडावा लागतो. पुतळ्यांची माळ मात्र पटवेकऱ्याने दोऱ्यात गाठवलेली असते. अडचण आली की एक पुतळी काढायची, बाकीची माळ पुन्हा गाठवून घ्यायची. पाऊस दगा देऊन गेला, एक पुतळी. बाळंतपण अडले, एक पुतळी. साल बरे आले तर एखादी परत घालायची. बँक नव्हती, सातबाऱ्यावर बाईचे नाव नव्हते, तेव्हा तिच्या हातात हिशेब ठेवण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि हिशेब दाण्यांनी मोजता येत होता. आमच्या मंडळीतल्या एका घरी अशी माळ आहे. तिच्यात आता अकराच पुतळ्या उरल्यात आणि मधल्या जागा काळ्या-लाल मण्यांनी भरल्या आहेत. त्या घरच्या मावशी मण्यांवर बोट ठेवून कोणती पुतळी कोणत्या वर्षी गेली ते सांगतात. 1972 च्या दुष्काळाची खूण त्यांनी आम्हाला दाखवली. तिथे शेजारी शेजारी तीन मणी आहेत.

या माळेकडे पाहून मग शास्त्र उघडले तर काय दिसते? पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय नेहमी पुढे केला जातो. तिथे सोन्याच्या दागिन्यांनी सजण्यापेक्षा अंतःकरणाचा सौम्यपणा मोलाचा सांगितला आहे, हे खरेच. पण त्याच वाक्यात केस गुंफणे आणि वस्त्रे घालणे यांचेही नाव आहे, आणि वस्त्रे सोडा असे काही कोणी सांगत नाही! आम्हाला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय जास्त बोचतो. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला पुढे बसवायचे आणि गरिबाला खाली, याबद्दल तो बोलतो. आपल्या लग्नांत नवरीच्या अंगावर किती तोळे यावरून कुजबूज होते, बाप त्यासाठी व्याजाने पैसे काढतो, तेव्हा तो अध्याय कोणी वाचत नाही. जुन्या पुतळीवरचे चित्र आपल्याला खटकते आणि नव्या नेकलेसचे कर्ज खटकत नाही, हे आम्हाला उलटे वाटते.

निर्गमाच्या पुस्तकात तर एकाच सोन्याची दोन रूपे आहेत. मिसरातून निघताना लोकांनी मिसऱ्यांकडून सोन्यारुप्याचे दागिने मागून घेतले. परक्या देवांच्या देशातले सोने ते. त्यावर काय काय कोरलेले असेल कोण जाणे. बत्तिसाव्या अध्यायात त्यांच्या कानांतली कुंडले काढून अहरोनाने वासरू ओतले. पुढे पस्तिसाव्या अध्यायात स्त्री-पुरुष कुंडले आणि अंगठ्या घेऊन मोशेकडे येतात, आणि बसालेल त्याच प्रकारच्या सोन्याने निवासमंडपाचे काम करतो. हे सोने मिसरातले आहे म्हणून देवाने नाकारले नाही. वासराबद्दल मात्र भयंकर राग केला. फरक धातूत नव्हता आणि त्यावरच्या नक्षीतही नव्हता.

मार्काच्या बाराव्या अध्यायाची आठवण इथे होणारच. कराचे नाणे हातात घेऊन प्रभूने विचारले की यावर चित्र कोणाचे. त्याच अध्यायाच्या शेवटी तो दानपेटीसमोर बसतो आणि विधवेने टाकलेल्या दोन लहान नाण्यांकडे शिष्यांचे लक्ष वेधतो. त्या नाण्यांवर काय चित्र होते हे मार्क सांगत नाही. ती तिची सगळी उपजीविका होती एवढेच सांगतो. आणि आपल्या पुतळीवर उभा आहे तो हाच मार्क, हे कळल्यावर मावशी बराच वेळ हसत होत्या.

सोन्यावर कायद्याची पाळीही आली होती. 1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना. नवे दागिने चौदा कॅरटच्या वर करायचे नाहीत असा नियम झाला आणि गावोगावच्या सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या. चौदा कॅरटची अट पुढे गेली, पण 1968 चा कायदा 1990 मध्ये रद्द होईपर्यंत सोनाराचा धंदा बांधलेलाच होता. त्या वर्षांत पुष्कळ कारागीर शेतमजुरीला लागले. पुतळीचा जाड ठसा कोरणारे हात कमी झाले ते बहुधा तेव्हाच.

आता जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे आणि एप्रिल 2023 पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या नव्या डागावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. घरातले जुने सोने हॉलमार्क नसले तरी विकता येते, पण दुकानदार ते कसून, वितळवून घेतो. पुतळी एकदा मुशीत गेली की मार्कही गेला आणि तारेही गेले.

म्हणून या लग्नसराईत कोणी जुनी माळ मोडायला नेणार असेल तर आमची एवढी विनंती आहे. आधी दिवसाच्या उजेडात भिंग घेऊन दोन्ही बाजू पाहा. बदामी चौकट, तारे, कडेला अक्षरे किंवा अक्षरांसारख्या रेघा दिसतात का ते बघा. एका पुतळीचे वजन करा. साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरली तर ती जुनी असण्याचा संभव आहे, पातळ पत्र्याची त्यापेक्षा पुष्कळ हलकी भरते. फोटो काढून ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा की किती होत्या आणि किती राहिल्या, आणि ती सांगेल ते कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. पैशांची नड असेलच तर एक-दोन काढा आणि उरलेली माळ गाठवून घ्या. ती तशीच वापरायची वस्तू आहे.