बारा मतांचा जल्लोष

पक्षाबाहेरच्या विरोधकाशी लढणे तसे सोपे. तो कोण, कुठला, काय म्हणतो हे सर्वांना माहीत असते. अवघड असते ती घरातली लढत. तिथे समोरचा उमेदवारही आपलाच, झेंडाही एकच आणि मते द्यायची तीही आपल्याच माणसांनी. त्यातून ही माणसे धर्माला मानणारी, परंपरेला जपणारी असली, तर उमेदवार काय बोलतो यापेक्षा त्याचे समर्थक त्यातून काय ऐकतात, यालाच जास्त महत्त्व येते.

अमेरिकेत याचा अनुभव दर चार वर्षांनी येतो. तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्षात उमेदवारीसाठी चुरस होते आणि इच्छुक मंडळी एका मंचावर उभी राहून प्रश्नांना उत्तरे देतात. १३ डिसेंबर १९९९ रोजी आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात रिपब्लिकन पक्षाची अशी वादसभा झाली. त्या राज्यात या पक्षाच्या मतदारांत धर्मनिष्ठ ख्रिस्ती लोकांचे वजन मोठे. तुम्हाला सर्वांत जवळचा वाटणारा राजकीय तत्त्वचिंतक कोण, असा प्रश्न आला. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी येशू ख्रिस्ताचे नाव घेतले आणि त्याने आपले हृदय पालटले, असे कारण दिले. त्यांच्यानंतर आणखी दोन इच्छुकांच्या उत्तरातही ख्रिस्त आलाच. पाठीराख्यांना हे मनापासून दिलेले उत्तर वाटले; टीकाकारांनी विचारले, की ही राजकीय विचाराची ओळख झाली की श्रद्धेची जाहिरात? पुढच्याच महिन्यात आयोवाचा कौल बुश यांच्या बाजूने लागला.

आपल्याकडे अशी वादसभा भरत नाही. परंतु पक्षांतर्गत अध्यक्षपदाची लढत, श्रद्धाळू आणि परंपरानिष्ठ मतदार, आणि निकालानंतर समर्थकांनी त्याचा लावलेला अर्थ, या तिन्ही गोष्टी एकत्र आलेला एक प्रसंग आपल्या अगदी शेजारी, नाशिकला घडला. साल १९५०.

त्या वर्षीचे वातावरण आधी ध्यानात घ्यायला हवे. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. सिंधमधून उखडलेली कुटुंबे आपल्या जळगावातही येऊन स्थिरावत होती. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे नवे लोंढे येत होते. ८ एप्रिल १९५० रोजी दोन्ही देशांतील अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी नेहरू-लियाकत करार झाला, आणि तो न पटल्याने श्यामाप्रसाद मुखर्जी व क्षितीशचंद्र नियोगी हे दोन मंत्री केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नेहरू नमते घेतात, अशी भावना काँग्रेसच्या कार्यकर्त्यांतही पसरली होती. अशा वेळी काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. सार्वत्रिक निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे हे पद नुसते मानाचे नव्हते. उमेदवार निवडणारी संघटना कोणाच्या हाती राहणार, याचा फैसला त्यात होता.

उमेदवार तीन होते. अलाहाबादचे पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. देवांचे नाव खानदेशाला नवे नव्हते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून पुढे असलेल्यांत ते होते. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. चौदा वर्षांनी तेच नेहरू पंतप्रधान होते आणि देव अध्यक्षपदासाठी उभे होते. पण खरी लढत टंडन आणि कृपलानी यांच्यात होती.

टंडन हे साधे प्रकरण नव्हते. लोक त्यांना राजर्षी म्हणत. राहणी कमालीची साधी, चामड्याची वहाण वर्ज्य. संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे ते अनेक वर्षे सभापती होते. हिंदी आणि देवनागरी हा त्यांचा ध्यास. घटना समितीत देवनागरी अंकांसाठीसुद्धा ते भांडले. जून १९४७ मध्ये काँग्रेसने फाळणीची योजना स्वीकारली, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला होता. नेहरू आणि टंडन दोघे एकाच शहरातले, स्वातंत्र्यलढ्यातले जुने सहकारी. त्यामुळे या लढतीत वैयक्तिक वैर नव्हते. वाद होता तो टंडन कशाचे प्रतीक बनले आहेत, याचा.

८ ऑगस्ट १९५० रोजी नेहरूंनी टंडनांना पत्र लिहिले. तुम्ही पुष्कळांच्या दृष्टीने जातीय आणि पुनरुज्जीवनवादी वृत्तीचे प्रतीक झाला आहात, असा त्या पत्राचा आशय होता. त्याआधी टंडनांनी निर्वासितांच्या एका परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले होते आणि ते नेहरूंना खटकले होते. तिकडे सरदार पटेल टंडनांच्या पाठीशी होते. मात्र पटेल म्हणजे कराराचे विरोधक, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. त्याच एप्रिल महिन्यात कलकत्त्याला जाऊन, संतापलेल्या लोकांसमोर नेहरू-लियाकत कराराची बाजू मांडणारे पटेलच होते. माणसे आपल्याला वाटतात तितकी एकरंगी नसतात. मतदार तर नाहीच नाही.

ऑगस्टच्या अखेरीस प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी मतदान केले. टंडन १,३०६, कृपलानी १,०९२ आणि शंकरराव देव २०२. एकूण मते २,६००. म्हणजे दुसऱ्या दोघांच्या बेरजेपेक्षा टंडनांना अवघी बारा मते जास्त पडली. निम्म्याच्या वर ती जेमतेम सहा. आकडे इतके काठावरचे होते.

पण आनंद काठावरचा नव्हता. काँग्रेसमधील टंडन समर्थकांना हर्ष होणे साहजिकच होते. काँग्रेसबाहेरच्या ज्या मंडळींना नेहरूंचे धोरण नको होते, त्यांनीही हा आपलाच विजय मानला. निकालाचा अर्थ असा लावला गेला, की देशातील धर्मनिष्ठ हिंदूने नेहरूंना नाकारले. १३ सप्टेंबरला नेहरूंनी निवेदन काढले. जातीय आणि प्रतिगामी शक्तींनी या निकालावर उघड आनंद व्यक्त केला आहे, याकडे त्यांनी बोट दाखवले. निवेदनात रोख टंडनांच्या भाषणांवर नव्हता, त्यांच्या विजयावर खूश झालेल्यांवर होता. टंडनांची अडचण इथूनच सुरू झाली. विजय त्यांचा, पण त्याचा अर्थ दुसरेच सांगत होते. तो नाकारावा, तर समर्थक दुखावणार. स्वीकारावा, तर पंतप्रधानांशी उघड सामना.

यानंतर २० आणि २१ सप्टेंबरला नाशिकचे अधिवेशन भरले. उत्तरेकडून नाशिकला यायचे म्हणजे भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड हाच लोहमार्ग. अलाहाबादकडचे नेते आणि प्रतिनिधी याच रुळांवरून गेले. आणि नाशिक म्हणजे काही साधे ठिकाण नव्हे. गोदाकाठचे हे तीर्थक्षेत्र, सिंहस्थाचे गाव. याच गावात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. तो पाच वर्षांच्या आसपास चालला आणि दारे उघडली नाहीत. सनातनी मन किती घट्ट असू शकते, हे या गावाने पाहिले होते.

अशा ठिकाणी, टंडनांना निवडून देणाऱ्या प्रतिनिधींसमोर नेहरू उभे राहिले. त्यांनी शब्द मऊ केले नाहीत. पाकिस्तानात अल्पसंख्याकांवर अन्याय होतो म्हणून आपणही तसेच वागायचे काय, असा त्यांचा सवाल होता. जमावाला वाटते ते करणे म्हणजे लोकशाही असेल, तर असली लोकशाही मला नको, इथपर्यंत ते गेले. माझे धोरण मान्य नसेल तर तसे स्पष्ट सांगा, मी बाजूला होतो, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता.

आणि झाले काय? जातीयतेविरुद्धचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. परराष्ट्र धोरण आणि पाकिस्तानविषयक धोरणालाही पाठिंबा मिळाला. तीन आठवड्यांपूर्वी ज्यांनी टंडनांना मत दिले, त्यांतल्याच कित्येकांनी आता नेहरूंच्या ठरावासाठी हात वर केला.

याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. निवडणुका नेहरूंच्या नावाशिवाय जिंकता येणार नाहीत, हा व्यवहार त्यात होताच. पण तेवढेच नव्हते. टंडनांना मत देणाऱ्यांत हिंदीचे अभिमानी होते, त्यांच्या निःस्पृह जीवनावर श्रद्धा असणारे होते, पटेलांचा शब्द मानणारे होते, सरकारने संघटनेला विचारात घ्यावे असे वाटणारे होते आणि फाळणीच्या दुःखाने पोळलेलेही होते. या सगळ्यांना एका पोत्यात घालून, हा धर्मनिष्ठांचा कौल, असे लेबल लावले ते जल्लोष करणाऱ्यांनी. आणि घाबरलेल्या विरोधकांनीही तेच लेबल खरे मानले. नाशिकमध्ये प्रतिनिधींना मुद्द्यावर मत विचारले, तेव्हा उत्तर निराळे आले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १५ डिसेंबर १९५० रोजी पटेल गेले आणि टंडनांचा मोठा आधार गेला. कार्यकारिणीत कोणाला घ्यायचे यावरून कुरबुरी वाढल्या. १९५१ मध्ये कृपलानींनी काँग्रेस सोडली आणि किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडन स्वतःहून अध्यक्षपदावरून दूर झाले आणि नेहरू अध्यक्ष झाले. टंडनांनी पक्ष सोडला नाही, वेगळी चूल मांडली नाही. १९६१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

मग खुद्द जनतेची परीक्षा झाली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, पुढे फुलपूर म्हणून ओळखल्या गेलेल्या अलाहाबादकडच्या मतदारसंघात, नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी हे संन्यस्त वृत्तीचे गृहस्थ उभे राहिले. हिंदू कोड बिलाला विरोध हाच त्यांचा मुद्दा. गंगाकाठचा हा श्रद्धाळू मुलूख, पण नेहरू प्रचंड मताधिक्याने विजयी झाले. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी काँग्रेसला ३६४ मिळाल्या. हिंदू महासभा, जनसंघ आणि रामराज्य परिषद या तिघांना मिळून दहा. गंगेत स्नान करणाऱ्याने आपले मत गंगेला वाहिलेले नव्हते. अर्थात हाही कायमचा कौल नव्हे. पुढच्या दशकांत याच देशात धर्माच्या मुद्द्यावर निवडणुका जिंकल्याही गेल्या. श्रद्धाळू मतदार कोणाच्याच मालकीचा नसतो, एवढाच याचा अर्थ.

खानदेशाला हे वेगळे सांगायला नको. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले, फैजपूरसाठी खेडोपाडी राबलेले साने गुरुजी १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून आधी महाराष्ट्रभर हिंडले आणि मग १ मे ते १० मे असे दहा दिवस उपाशी राहिले. त्यांच्यासमोरचा श्रोता कोण होता? वारकरी, माळकरी, भाबडा भाविक. गुरुजींनी त्याला प्रतिगामी म्हणून हिणवले नाही आणि त्याला गोड वाटेल तेवढेच बोलून टाळ्याही घेतल्या नाहीत. तुझ्याच देवाच्या नावाने तू हे कर, असे त्याला सांगितले. काळारामाची दारे वर्षानुवर्षांच्या सत्याग्रहानेही उघडली नव्हती, पण विठ्ठलाची उघडली. दोन्हींमधला काळ मध्ये होता, स्वातंत्र्य उंबरठ्यावर होते, हे खरे. तरी भाविकाच्या मनाला हात घालणारा माणूस हेही एक कारण होतेच.

पाचोऱ्याच्या बाजारात काय किंवा अमेरिकेतल्या सभागृहात काय, नेत्याचे भाषण संपते आणि समर्थकांचे सुरू होते. आमचा माणूस जिंकला, त्यांची जिरली, लोकांनी स्पष्ट सांगितले, अशी वाक्ये उठतात. अशा वेळी नाशिकचे ते दोन दिवस आठवावेत. मत देणाऱ्याने नेमके काय सांगितले, हे टाळ्या वाजवणाऱ्याला विचारून कळत नाही. त्यासाठी मत देणाऱ्याकडेच जावे लागते, आणि प्रश्न सरळ विचारावा लागतो. टंडनांच्या समर्थकांनी तो विचारला नाही. त्याची किंमत शेवटी टंडनांनी मोजली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)