सत्तर टक्क्यांचा आडोसा

मोठा अपघात झाला की अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते: रस्ता उत्तम आहे, चालवणारेच बेफाम आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवालही त्यांच्या हाताशी असतो. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे ‘अतिवेग’. खड्ड्यांच्या खात्यावर जेमतेम १,८५६ मृत्यू. शिवाय बहुतेक अपघात सरळ रस्त्यावर आणि स्वच्छ हवेत झालेले. मग रस्त्याला बोल का लावायचा? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तपासला तर तीन ठिकाणी ढासळतो.

पहिला प्रश्न, हे आकडे येतात कुठून? पोलीस ठाण्यातून. अपघाताची कुठलीही फिर्याद काढून वाचा. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून’ ही शब्दावली जवळजवळ छापील असते. गुन्हा माणसावर दाखल होतो, वळणावर होत नाही. अंमलदार पोहोचतो तेव्हा गाडी उलटलेली असते. ती किती वेगात होती हे बहुधा कोणी मोजलेले नसते. म्हणजे ‘सत्तर टक्के’ ही आरोपांची बेरीज आहे. तिला कारणमीमांसा समजणे चूक.

दुसरा दोष छेदाचा. सरळ रस्त्यावर अपघात अधिक, कारण रस्त्यांची बहुतांश लांबीच सरळ असते. वर्षातले बहुतेक दिवसही कोरडे असतात. संख्याशास्त्रज्ञ म्हणूनच नुसते अपघात मोजत नाहीत. ते रस्त्याचे लहान तुकडे पाडतात आणि प्रत्येकावरची वाहतूक, वळणाची त्रिज्या, उतार, साइडपट्टीची रुंदी, पृष्ठभागाची पकड नोंदवतात. मग एवढ्या रहदारीला किती अपघात अपेक्षित होते, याचा अंदाज बांधतात. अपघातांचे आकडे पॉयसाँच्या साध्या सूत्रात मावत नाहीत, कारण त्यांचे विचरण सरासरीपेक्षा बराच जास्त असते. म्हणून निगेटिव्ह बायनॉमिअल प्रतिमान वापरतात. त्याचा प्रश्न सरळ आहे: रहदारी तेवढीच ठेवून रस्ता बदलला, तर अपघात किती बदलतील?

पुण्याचा नवले पूल या प्रश्नाच्या कसोटीवर पाहा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने सुमारे ४८ गाड्यांचे नुकसान केले. अशा वेळी चालकाने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली असेल, असे सांगितले जाते. टाकली असेलही. पण तसे करणारे चालक राज्यभर फिरतात. त्यांची हयगय सगळीकडे सारखीच असेल, तर अपघात याच ठिकाणी का साचतात? उतार संपतो तिथेच शहराची गर्दी सुरू होते, हे उत्तर चालकाच्या स्वभावात सापडणार नाही.

तिसरा दोष सर्वांत खोल आहे. अहवालात वेग आणि रस्ता ही दोन वेगळी कारणे मानली आहेत. प्रत्यक्षात वेग बऱ्याच अंशी रस्ताच ठरवतो. रुंद, गुळगुळीत, कंटाळवाणा सरळ रस्ता पायाला ॲक्सिलरेटर दाबायला लावतो. खड्डा गाडी आपटतो, पण वेगही कमी करतो. म्हणून ‘खड्डे बुजवले की अपघात थांबतील’ हे लोकप्रिय मतही तितकेच अपुरे आहे. रस्त्याची स्थिती म्हणजे केवळ डांबर नव्हे; भूमिती, कठडे, दुभाजक, प्रकाश हे सगळे तिच्यात येते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा मृत्यू झाला होता, २०१९ मध्ये ९२ जणांचा. चालक तर तसेच होते. या काळात रस्त्याकडेच्या धोकादायक अडथळ्यांना कठडे बसले, दोष दुरुस्त झाले. गस्त आणि वैद्यकीय मदतही सुधारली, त्यामुळे सारे श्रेय रस्त्याला देता येणार नाही. एखादे वाईट वर्ष आधाराला धरले की पुढचे वर्ष आपोआप बरे दिसते, हा आक्षेपही रास्त आहे. रस्ता-सुरक्षेचे अभ्यासक एझ्रा हॉअर यांनी त्याचसाठी एम्पिरिकल बेझ पद्धतीचा आग्रह धरला. मात्र निव्वळ चालकाला दोष देणाऱ्या सिद्धान्ताला ही घट समजावून सांगता येत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९८-अ रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल सदोष ठेवणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ते वापरायचे तर पंचनाम्यात उतार, वळण आणि पकड मोजून लिहिणारा अभियंता हवा. तो येईपर्यंत सत्तर टक्क्यांचा आकडा पुरावा म्हणून कोणी पुढे केला, तर वाचकांनी तो स्वीकारू नये.