चांदीच्या आगगाडीत नसलेली वाइन

ग्वाल्हेरबाहेरचा मराठी माणूस भेटला की जयविलास महालाचा विषय निघतोच, आणि मग चांदीची आगगाडी. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी, सुरई उचलली की थांबणारी. माधवराव महाराजांना गाड्यांचं वेडच होतं. श्योपूरपर्यंतची आपली छोटी गाडी आठवत असेलच.

लोक सांगतात, त्या गाडीतून सगळी दारू फिरायची. तसं नाही हो. तिच्यात असायची ब्रँडी, पोर्ट आणि सिगार, म्हणजे जेवणानंतरची चैन. इंग्रजी थाटाच्या मेजवानीत पांढरी वाइन त्याच्या कितीतरी आधी, माशाबरोबर येई, आणि ती वाढपी ओतत. इंग्रज जिला ‘हॉक’ म्हणत ती जर्मनीची पांढरी वाइन या जागेची मानकरी.

हे नाव होखहाइम या गावावरून पडलं. माइन नदीकाठचं हे गाव फ्रँकफर्ट आणि माइन्झ यांच्या मधे आहे. व्हिक्टोरिया राणी १८४५ मध्ये तिथे गेली होती, पुढे तिथल्या एका मळ्याला तिचं नावही मिळालं. त्या शतकात ऱ्हाइनकाठची उत्तम वाइन फ्रान्सच्या नामांकित वाइनच्या तोडीच्या भावाने विकली जाई. बँकेत आयुष्य गेलं, म्हणून मला भावाचंच आधी दिसतं!

मग १९१४ चं युद्ध आलं. माधवराव महाराजांनी जखमी सैनिकांसाठी ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाज दिलं. १९१७ मध्ये इंग्लंडच्या राजघराण्याने आपलं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं. अशा हवेत जर्मन बाटलीला मान कोण देणार? दुसऱ्या युद्धानंतर जर्मनीने परदेशी पाठवली ती बरीचशी स्वस्त आणि गोड. म्हणून जर्मन वाइन म्हणजे गोडच, असा समज अजून आहे. तो चुकीचा. बाटलीवर ‘ट्रॉकन’ लिहिलं असेल तर ती कोरडी, म्हणजे गोड नसलेली: लिटरमागे साखर साधारण ४ ग्रॅम, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत.

हे मला कळलं ते भाच्यामुळे. तो फ्रँकफर्टला नोकरीला आहे, होखहाइम त्याच्या घरापासून लोकल गाडीने जवळच. गेल्या हिवाळ्यात लष्करच्या घरी आला तेव्हा रीसलिंग द्राक्षाची एक कोरडी बाटली घेऊन आला. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. त्याची आई, म्हणजे माझी ताई, वय ८१. जेवायला बसेचना. “मामा, मी वरच्या खोलीत घेतो,” असं तो म्हणाला, तेव्हा मात्र ताईच म्हणाली, “वर्षाने आलायस, एकटा कशाला जेवतोस? बस इथेच. फक्त देवाच्या नैवेद्याचं पान आधी उचलू दे.”

मी दोन घोट घेतले. लिंबासारखी आंबट, हिरव्या सफरचंदाची चव, गार. तिकडे ती मासे, डुकराचं मांस, वसंतातली पांढरी शतावरी यांच्याबरोबर घेतात म्हणे. पण आमच्या पानात होती कोथिंबीर वडी, मटारच्या करंज्या आणि चिंच-गुळाची अळूवडी. तळणीवर लिंबू पिळल्यावर जे होतं तेच इथे झालं, तेलाचा जडपणा गेला. ठेच्याबरोबर मात्र जमलं नाही. तिखटाची आग मद्याने आणखी भडकते, तिथे किंचित गोड वाइनच बरी. आणि पुरणपोळीबरोबर तर नकोच, गोडावर कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

ताईने बाटलीला हात लावला नाही. पण भाच्याच्या ताटात अळूवडी संपली की न विचारता दुसरी पडत होती. यंदा तो डिसेंबरमध्ये येतोय. ताईने अळूची पानं आणायला मला आधीच सांगून ठेवलंय.