एस्केपचं बटण

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी दुसरीत होतो. सेकंडहँड, विंडोज ९८. मी दिवसभर गेम खेळू नये म्हणून दादाने त्याला पासवर्ड टाकला. तो चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी वैतागून एस्केप दाबलं, पासवर्डची चौकट गायब आणि समोर अख्खा डेस्कटॉप! आठवडाभर मी स्वतःला हॅकर समजत होतो.

पुढे इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकताना कळलं, की हॅकिंग वगैरे काही नव्हतं. ते कुलूपच नव्हतं मुळी. 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी असते ना, तसलं काहीतरी. विंडोज ९८चा पासवर्ड हा नेटवर्कसाठी आणि कोणाचा वॉलपेपर दाखवायचा हे ठरवण्यापुरता. खाली डॉसच्या काळातली फॅट फाईल सिस्टिम, आणि तिच्यात फाईल कोणाच्या मालकीची हे लिहून ठेवायला जागाच नाही. मग अडवणार कोण आणि कोणाला?

याला निव्वळ गलथानपणा म्हणणं मला पटत नाही. १९८१चा आयबीएम पीसी एका टेबलावर, एका माणसासाठी होता. माळावरच्या बंगल्यात एकटाच माणूस राहत असेल तर आतल्या खोल्यांना कुलपं कशाला? युनिक्स मात्र वाड्यात वाढलं. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते सुरू केलं आणि लवकरच एकाच मशीनवर अनेक टर्मिनल्स लावून अनेकजण काम करू लागले. म्हणजे एक वाडा, दहा बिऱ्हाडं! प्रत्येक फाईलला मालक, कोणी वाचायची कोणी लिहायची याचे नियम, आणि सगळ्यांवर वाड्याचा मालक म्हणजे रूट.

लिनक्सवाले मित्र इथे टाळ्या वाजवतात. थांबा जरा. २ नोव्हेंबर १९८८ला इंटरनेटवर जो पहिला मोठा वर्म पसरला तो युनिक्सवरच, व्हॅक्स आणि सन मशीन्सवर. सेंडमेल आणि फिंगर या प्रोग्रॅममधली भोकं, शिवाय लोकांचे सोपे पासवर्ड. लिहिणारा रॉबर्ट मॉरिस हा कॉर्नेलचा विद्यार्थी. गंमत म्हणजे युनिक्सच्या पासवर्ड सुरक्षेवरचा १९७९चा गाजलेला पेपर थॉम्प्सनबरोबर लिहिला होता त्याच्या वडिलांनी!

बरं, मायक्रोसॉफ्टला हे कळत नव्हतं असंही नाही. १९९३मध्येच डेव्ह कटलरच्या टीमने विंडोज एनटी आणलं, त्यात मालकी, परवानग्या सगळं होतं. २००१मध्ये तोच पाया एक्सपीतून घरोघरी पोचला. पण जुने प्रोग्रॅम चालायला हवेत ना! म्हणून घरच्या एक्सपीत बनणारं खातं सरळ ॲडमिनिस्ट्रेटरचं. वाडा बांधला आणि प्रत्येक भाडेकरूच्या हातात मास्टर चावी दिली. जानेवारी २००२मध्ये बिल गेट्सने कंपनीला मेमो पाठवला, की नव्या सोयी आणि सुरक्षा यातलं एक निवडायचं तर सुरक्षा निवडा. तरी ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर आलाच. ना मेल उघडायची, ना क्लिक करायचं, नुसतं नेटला जोडलेलं असणं पुरे. त्या भोकाचा पॅच १६ जुलैलाच आला होता, पण लावतो कोण? मला सगळ्यात झोंबतं ते हे, की एक्सपीत फायरवॉल आधीपासून होता, फक्त बंद ठेवलेला. २००४च्या सर्व्हिस पॅक २ने तो चालू करून दिला.

मॅकची गोष्ट छोटी आहे. 'मॅकला व्हायरस लागत नाही' हे २०१२च्या फ्लॅशबॅकपर्यंत चाललं. सहा लाखांवर मॅक त्यात सापडले. भोक जावामधलं, ओरॅकलने फेब्रुवारीत बुजवलेलं. ॲपलचा पॅच यायला एप्रिल उजाडला. आणि लिनक्स? डेबियनमध्ये २००६ साली एका साफसफाईत ओपनएसएसएलमधला बारीकसा कोड बंद झाला, आणि मे २००८मध्ये उघड होईपर्यंत एका प्रकारच्या जेमतेम ३२,७६८ वेगवेगळ्या किल्ल्या तयार होत होत्या. कोड सगळ्यांसमोर उघडा होता, वाचला कोणी?

हे सगळं मला माहीत असूनही मी काय केलं ऐका. १२ मे २०१७ला वॉनाक्राय आला तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबांच्या मशीनवर विंडोज ७, 'नेट संपतं' म्हणून अपडेट्स बंद. पॅच मार्चमध्येच आलेला, अर्थात त्यांच्याकडे नव्हता. मी त्याच शनिवारी जाऊन उबुंटू टाकलं आणि छाती फुगवून सांगितलं, "बाबा, आता बिनधास्त वापरा. याला काही होत नाही."

दोन वर्षांनी वीजबिलाची थकबाकी म्हणून एक लिंक आली. बाबांनी उघडली, कार्ड नंबर टाकला, ओटीपी टाकला. ९,४०० रुपये गेले. मी घरी जाऊन तासभर लॉग तपासत बसलो. रूटला कोणी हात लावलेला नाही, एक फाईल इकडची तिकडे नाही.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, "अरे, तू तर म्हणाला होतास ना, याला काही होत नाही?"

खरंच, त्याला काहीच झालं नव्हतं.