संस्था बदलली, तर सरकारी नोकरीचे हक्क जातात का?

आपलं खातं किंवा मंडळ दुसऱ्या संस्थेत विलीन होणार, अशी बातमी आली की कर्मचाऱ्यांना पहिली काळजी असते पगार, सेवाज्येष्ठता आणि पेन्शनची. नियम काय सांगतात, ते थोडक्यात पाहूया.

बदली, प्रतिनियुक्ती आणि वर्गीकरण

एकाच मालकाकडे जागा बदलली, तर ती बदली. प्रतिनियुक्तीत कर्मचारी ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या संस्थेत काम करतो, पण मूळ खात्यातला त्याचा हक्क कायम राहतो. कायमच्या वर्गीकरणात मात्र मालकच बदलतो.

संमती लागते का?

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं इंफाळमधलं पदव्युत्तर केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे गेलं, तेव्हा तिथल्या एका अध्यापकाचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९८९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की, कर्मचाऱ्याला त्याच्या संमतीशिवाय एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे पाठवता येत नाही. ही संमती स्पष्ट शब्दांत किंवा वागण्यातूनही दिसू शकते.

कायद्यानेच संस्था बदलली तर?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं उदाहरण घ्या. जून २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १३३ नुसार राज्य सरकार हस्तांतरण योजनेद्वारे कर्मचारी नव्या कंपन्यांकडे सोपवू शकतं. पण एक अट आहे: हस्तांतरण झालं नसतं तर ज्या सेवाशर्ती लागू असत्या, त्यांपेक्षा नव्या शर्ती कमी फायद्याच्या असता कामा नयेत. दुसरीकडे, कलम १३४ म्हणतं की केवळ हस्तांतरण झालं म्हणून भरपाई मागता येणार नाही. योजनेत तरतूद असेल तेवढीच मिळेल.

म्हणजेच योजनेतला मजकूर फार महत्त्वाचा.

आदेश हाती आला की काय तपासाल?

- ही प्रतिनियुक्ती आहे की कायमचं वर्गीकरण?
- आधीची सेवा पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी धरली जाणार का?
- सेवाज्येष्ठता कोणत्या तारखेपासून?
- पर्याय मागितला असेल, तर मुदत किती? एकदा दिलेला पर्याय बदलता येतो का?

सेवापुस्तकातल्या नोंदी पूर्ण करून घ्या आणि त्यांची प्रत स्वतःजवळ ठेवा. हरकत असेल तर मुदतीत, लेखी द्या आणि पोच घ्या. गप्प राहून नव्या जागी रुजू झालात, तर पुढे तीच तुमची संमती मानली जाऊ शकते.